परवानगी, साक्ष आणि कलाकृती : ‘अमेरिकन मास्टर्स’ मालिकेतील कलावंतचरित्रांचा चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : माहितीपट, कलावंतचरित्र, सार्वजनिक प्रसारण, गौरवग्रंथ, पाठचिकित्सा

प्रास्ताविक

कलावंताचे चरित्र लिहिणे ही साहित्यव्यवहारातील जुनी गोष्ट आहे. ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मांडणे ही त्या मानाने अलीकडची. ग्रंथरूप चरित्राची चिकित्सा करण्याची साधने अभ्यासकांच्या हाताशी असतात. चरित्रकाराने कोणती कागदपत्रे पाहिली, कोणती पाहिली नाहीत, चरित्रनायकाविषयीच्या आदरापोटी त्याची लेखणी कोठे अडखळली, हे प्रश्न ग्रंथाच्या बाबतीत सवयीने विचारले जातात. माहितीपटाच्या बाबतीत ते तितक्या सहजतेने विचारले जात नाहीत. पडद्यावर माणूस दिसतो, त्याचा आवाज ऐकू येतो, आणि जे दिसते व ऐकू येते ते पुराव्यादाखल मानण्याकडे प्रेक्षकाचा कल असतो. वास्तविक छायाचित्र कोणाच्या कपाटातून आले, मुलाखत कोणी घेतली, गाण्याचा तुकडा वापरण्यास कोणी मान्यता दिली, यांवर माहितीपट हा ग्रंथापेक्षाही अधिक अवलंबून असतो. ग्रंथकाराला चित्राचे वर्णन करून भागवता येते. माहितीपटकाराला चित्र दाखवावे लागते, आणि दाखवावयाचे तर बहुधा मालकाची संमती मिळवावी लागते.

या दृष्टीने ‘अमेरिकन मास्टर्स’ ही मालिका विशेष अभ्यसनीय ठरते. सुसान लेसी यांनी १९८४ मध्ये तिची उभारणी केली. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईटी या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राची ही निर्मिती १९८६ च्या उन्हाळ्यात पीबीएसच्या जाळ्यावरून प्रथम प्रसारित झाली. लेसी २०१३ मध्ये मालिकेतून बाहेर पडल्या आणि २०१४ मध्ये मायकेल कँटर यांच्याकडे कार्यकारी निर्मात्याची सूत्रे आली. त्याच वर्षी जानेवारीत मालिकेचा २०० वा भाग दाखविला गेला. गायक, नर्तक, कादंबरीकार, छायाचित्रकार, वास्तुविशारद, नट, अशा अनेकांना या मालिकेने ‘मास्टर’ या एकाच उपाधीखाली आणले आहे.

प्रत्येक भागाचा दिग्दर्शक वेगळा असल्यामुळे मालिकेची एकच शैली सांगता येत नाही. तथापि बरेच भाग पाहिल्यावर एक घराणे ओळखू येते. जुनी छायाचित्रे, कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला पाहत बोलणारे मित्र, सहकारी व अभ्यासक, मधूनमधून कलाकृतीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा, आणि निवेदकाचा धीरगंभीर आवाज. कथानकाचा आराखडाही ठरलेला : अभावग्रस्त किंवा एकाकी बालपण, महानगरातील आगमन, झगडा, यश, यशानंतरची पडझड, शेवटी मान्यता.

मराठी वाचकाला हा साचा अगदी अपरिचित नाही. साठी किंवा पंचाहत्तरीच्या निमित्ताने निघणाऱ्या गौरवग्रंथात शिष्यांचे लेख असतात, स्नेह्यांच्या आठवणी असतात, छायाचित्रे असतात, ग्रंथसूची असते. संशोधकाला त्यातील माहितीचा उपयोग पुढे कित्येक वर्षे होत राहतो. मात्र त्या ग्रंथात कोणी सत्कारमूर्तीच्या उणिवांची चर्चा करील अशी अपेक्षा नसते, आणि कोणी केलीच तर ती औचित्यभंग मानली जाते. गौरवग्रंथ सहसा खोटे बोलत नाही. तो निवडून बोलतो. ‘अमेरिकन मास्टर्स’चे पुष्कळसे भाग या अर्थाने पडद्यावरचे गौरवग्रंथ आहेत. जे थोडे भाग त्यापलीकडे जाऊन खऱ्या अर्थाने समीक्षा ठरतात, ते कशामुळे ठरतात, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. दिग्दर्शकाच्या हाती कलावंताविषयीची साक्ष आहे की कलानिर्मितीचा प्रत्यक्ष माग आहे, आणि ती सामग्री कोणाच्या परवानगीने आली हे चित्रपट उघड करतो की झाकतो, या दोन बाबींवर याचे उत्तर अवलंबून आहे असे येथे मांडावयाचे आहे.

पाट्यांवरील आकडे

मालिकेच्या पहिल्याच वर्षी, १९८६ मध्ये, ‘अननोन चॅप्लिन’ हा तीन भागांचा माहितीपट तिच्यात दाखविला गेला. गंमत अशी की तो मालिकेसाठी तयार झालेलाच नव्हता. केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल या दोघा ब्रिटिश अभ्यासक-दिग्दर्शकांनी तो थेम्स टेलिव्हिजनसाठी केला होता व १९८३ मध्ये तो ब्रिटनमध्ये प्रसारित झाला होता. आणखी एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. चार्ली चॅप्लिनने अमेरिकेत सुमारे चार दशके काम केले, परंतु अमेरिकेचे नागरिकत्व कधीही घेतले नाही. १९५२ मध्ये तो परदेशी निघाला असताना त्याचा पुनर्प्रवेशाचा परवाना रद्द करण्यात आला, आणि त्यानंतर तो त्या देशात आला तो थेट १९७२ मध्ये, मानद ऑस्कर स्वीकारण्यासाठी. ज्याला देशाने दाराबाहेर ठेवले त्याला ‘अमेरिकन मास्टर’ म्हणून पहिल्याच वर्षी घरात घेतले गेले. मालिकेतील ‘अमेरिकन’ हे विशेषण तेव्हापासूनच सैल आहे. पुढे जॉन लेनन व कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड हेही तिच्यात आले.

या माहितीपटाचे महत्त्व त्याच्या सामग्रीत आहे. १९१६-१७ या काळात चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीसाठी बारा लघुपट केले. त्यांतील न वापरलेल्या चित्रीकरणाच्या रिळांचा मोठा साठा नष्ट व्हावयाचा तो बचावला आणि ब्राउनलो व गिल यांच्या हाती आला. चित्रीकरण सुरू होताना कॅमेऱ्यासमोर धरावयाच्या पाटीवर क्रमांक लिहिलेला असतो. दिग्दर्शकद्वयाने या क्रमांकांनुसार तुकडे लावले. प्राचीन ग्रंथाच्या निरनिराळ्या पोथ्या समोर ठेवून पाठचिकित्सक जसा पाठांचा क्रम लावतो, तसेच हे काम होय. फरक एवढाच की येथे पाठभेद लेखनिकाच्या हातून झालेले नाहीत, खुद्द कर्त्याच्या हातून झालेले आहेत.

या पद्धतीने काय गवसले ते पाहण्यासारखे आहे. ‘द इमिग्रंट’ (१९१७) हा लघुपट स्थलांतरितांच्या बोटीवर सुरू होतो आणि मग शहरातील उपाहारगृहात येतो. स्थलांतरितांची व्यथा सांगावयाची म्हणून चॅप्लिनने हा विषय घेतला असेल, अशी समजूत कोणाचीही सहज होईल. पाट्यांचे क्रमांक वेगळेच सांगतात. चित्रीकरणाला प्रारंभ उपाहारगृहाच्या प्रसंगापासून झाला. तेथे एक दांडगा वेटर हवा होता. ती भूमिका आधी हेन्री बर्गमनकडे होती, ती जमेना म्हणून एरिक कॅम्पबेलला दिली गेली. मग प्रश्न उभा राहिला : हा भणंग आणि एडना पर्व्हायन्सने रंगविलेली तरुणी यांची ओळख कोठली? त्या प्रश्नाच्या उत्तरातून बोट आली, बोटीबरोबर स्थलांतरित आले, आणि चित्रपटाला नाव व अर्थ मिळाला. आशय आधी आणि आविष्कार नंतर, ही कलानिर्मितीची पाठ्यपुस्तकी कल्पना येथे प्रत्यक्ष पुराव्याने डळमळते. एखाद्या विनोदाची अडचण सोडविता सोडविता कलावंत आपल्या विषयापाशी पोहोचतो.

‘सिटी लाइट्स’ (१९३१) विषयीचा भागही असाच. अंध फुलवालीने भणंगाला श्रीमंत गृहस्थ समजावे, हे मूकपटात दाखवावयाचे कसे? मोटारीच्या दाराच्या युक्तीपर्यंत पोहोचण्यास चॅप्लिनला दीर्घ काळ झगडावे लागले. फुलवालीची भूमिका करणारी व्हर्जिनिया चेरिल या माहितीपटात मुलाखत देते. तिला मध्येच काढून टाकले गेले होते व जॉर्जिया हेलला घेऊन चित्रीकरणाचा प्रयोगही झाला होता. तो प्रयोग येथे पाहावयास मिळतो, आणि चेरिलला परत का बोलवावे लागले याचा अंदाज प्रेक्षकाला स्वतःलाच बांधता येतो. साक्ष येथेही आहे, परंतु ती मागाच्या शेजारी उभी आहे. एकीने दुसऱ्याला तपासता येते. चॅप्लिन थोर होता हे विधान जेम्स मेसनच्या निवेदनाला फारसे करावे लागत नाही.

पुढच्या काळात मालिकेने स्वतः केलेल्या भागांत ही पद्धत क्वचितच आढळते. त्याचे एक कारण उघड आहे : अशी सामग्री फारच थोड्या कलावंतांची उरते. शिवाय कवी किंवा कादंबरीकार टेबलाशी बसून खोडतो आणि लिहितो, त्यात पाहण्याजोगे काही नसते. चार्ल्स ॲटलस यांनी मर्स कनिंगहॅमवर २००० मध्ये केलेला भाग या बाबतीत भाग्यवान म्हणावा लागेल. ॲटलस यांनी कनिंगहॅमच्या नृत्यसंस्थेत चित्रपटकार म्हणून अनेक वर्षे काम केले होते. नर्तकाचे शरीर चौकटीत कसे बसते याची जाण त्यांच्याजवळ आधीपासून होती.

डिलनचे कार्यालय

परवानगीचा प्रश्न सर्वांत ठळकपणे उभा राहतो तो मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘नो डायरेक्शन होम’ या बॉब डिलनवरील माहितीपटात. सुमारे साडेतीन तासांचा हा माहितीपट २६ व २७ सप्टेंबर २००५ रोजी दोन भागांत ‘अमेरिकन मास्टर्स’मध्ये प्रसारित झाला आणि मालिकेच्या सर्वाधिक गाजलेल्या भागांपैकी एक ठरला. मिनेसोटातील हिबिंग या खाणगावातील बालपण, घरात सापडलेला जुना फोनोग्राफ, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधील लोकगायकांचे जग, १९६५ च्या न्यूपोर्ट महोत्सवातील विद्युत गिटार व त्यावरून उसळलेला वाद, आणि १९६६ चा ब्रिटनमधील दौरा असा त्याचा विस्तार आहे. १९६६ च्या दौऱ्यातील रंगीत दृश्ये मधूनमधून येत राहतात. श्रोते हुर्यो उडवीत आहेत आणि गायक अधिकच जोराने गात आहे. मँचेस्टरच्या सभागृहात १७ मे १९६६ रोजी एका श्रोत्याने त्याला ज्यूडास, म्हणजे विश्वासघातकी, असे संबोधून मारलेली हाकही त्यात दृश्यरूपात सापडते.

चित्रपटाचा कणा म्हणजे डिलनची दीर्घ मुलाखत. आपल्याविषयी बोलण्यास सदैव नाखूश असलेला हा माणूस येथे मोकळेपणाने, काहीशा मिस्कीलपणे बोलतो. प्रश्न विचारणारा पडद्यावर दिसत नाही. स्वाभाविकच प्रेक्षक त्याच्या जागी दिग्दर्शकाला कल्पितो. प्रत्यक्षात मुलाखत स्कॉर्सेसी यांनी घेतलेली नाही. ती डिलनचे व्यवस्थापक जेफ रोझेन यांनी घेतलेली आहे. इतर मुलाखतीही बव्हंशी अशाच जमविलेल्या होत्या. ॲलन गिन्सबर्ग या माहितीपटात बोलताना दिसतो, आणि त्याचा मृत्यू १९९७ मध्ये झाला होता. एवढ्या एका गोष्टीवरून सामग्रीची जमवाजमव प्रसारणाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती हे ध्यानात येते. स्कॉर्सेसी आले ते जमलेल्या साठ्यातून चित्रपट रचण्यासाठी. डिलनच्या आठवणींचा ग्रंथ २००४ मध्ये, आणि माहितीपटाशी जोडलेला ध्वनिमुद्रणांचा संच २००५ मध्ये बाजारात आला, हेही याच जुळणीत पाहावे लागते.

म्हणजे हे आत्मचरित्र आहे, आणि चरित्राच्या पोशाखात आले आहे. यावर आक्षेप घेणे सोपे आहे. परंतु आक्षेप घेऊन थांबल्यास चित्रपटावर अन्याय होईल. कारण कार्यालयाच्या आशीर्वादाने केलेल्या या चित्रपटात नायकाला अडचणीत आणणाऱ्या साक्षीही आहेत. मिनेसोटातील एक जुना स्नेही, डिलनने आपल्या संग्रहातील ध्वनिमुद्रिका न विचारता कशा नेल्या, हे सांगतो. डेव्ह व्हॅन रॉन्क आपण बसविलेली एका पारंपरिक गीताची चाल डिलनने आधी ध्वनिमुद्रित करून टाकल्याचा किस्सा सांगतो. त्याच्या बोलण्यात राग कमी व हसू जास्त आहे, पण तक्रार ती तक्रारच. या प्रसंगांना स्थान देऊन स्कॉर्सेसी एक समीक्षात्मक प्रश्न उभा करतात : लोकगीतांच्या परंपरेत उसने घेणे कोठे संपते आणि उचलणे कोठे सुरू होते? डिलनच्या प्रतिभेचे स्वरूपच या प्रश्नात दडलेले आहे. ऐकलेले सर्व काही आत्मसात करून स्वतःचे करणे ही त्याची शक्ती होती, आणि ज्यांचे घेतले त्यांच्या दृष्टीने तोच त्याचा अपराध होता. गौरवग्रंथात ही गोष्ट आली नसती.

तरीही परवानगीची किंमत चित्रपट मोजतोच, आणि ती मोजली जाते शेवटी. माहितीपट १९६६ च्या जुलैमधील मोटारसायकल अपघातापाशी थांबतो. त्यानंतर आठ वर्षे डिलनने दौरा केला नाही, एवढे पडद्यावरील मजकुरातून सांगितले जाते. पंचविशीतील बंडखोर कायमचा गोठविला जातो. त्याच्या पुढील चार दशकांत घटस्फोट आहे, ख्रिस्ती धर्मभक्तीचा कालखंड आहे, सपक ध्वनिमुद्रिका आहेत आणि उतारवयातील विलक्षण पुनरुज्जीवनही आहे. मुलाखत देणारा साठीचा माणूस या सर्वांतून गेलेला आहे, पण त्याला त्याविषयी विचारले जात नाही. येथे निवडीचा अधिकार कोणाकडे होता हे चित्रपट कोठेही सांगत नाही. पुढे २०१९ मध्ये स्कॉर्सेसी यांनी नेटफ्लिक्ससाठी डिलनच्या १९७५ च्या दौऱ्यावर दुसरा चित्रपट केला, तेव्हा त्यात काल्पनिक पात्रांच्या मुलाखती खऱ्यांच्या बरोबरीने घातल्या. अनेकांना तो खोडसाळपणा वाटला. परंतु आधीच्या चित्रपटात जे झाकून होते, म्हणजे मुलाखत ही रचलेली गोष्ट असते, तेच नंतरच्या चित्रपटाने थट्टेच्या रूपात कबूल केले, असेही म्हणता येईल.

नात्यातून आणि नात्याबाहेरून

परवानगीचा दुसरा मार्ग म्हणजे कुटुंब. छायाचित्रकार डोरोथिया लँग (१८९५-१९६५) हिच्यावरील ‘ग्रॅब अ हंक ऑफ लाइटनिंग’ हा भाग तिची नात डायना टेलर यांनी दिग्दर्शित केला आणि निवेदनही स्वतःच केले. तो ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसारित झाला. येथे संशय घ्यावयास पहिल्यापासून जागा आहे : नात आजीविषयी काय वाईट बोलणार? पण निवेदन नातीच्या आवाजात असल्यामुळे नाते पडद्यामागे राहत नाही. कोणाच्या दृष्टीने आपण पाहत आहोत हे प्रेक्षकाला क्षणोक्षणी ठाऊक असते, आणि जे ठाऊक आहे त्याची वजावट करता येते.

या भागाचे भाग्य असे की त्याला माग मिळाला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत लँग न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील आपल्या प्रदर्शनाची तयारी करीत होती. त्या काळात बे एरियातील तिच्या घरी व स्टुडिओत झालेले चित्रीकरण उपलब्ध होते. आजाराने थकलेली लँग छायाचित्रे भिंतीवर लावते, काढते, शेजार बदलते, मान हलविते. कोणते छायाचित्र कोणाशेजारी बसले म्हणजे दोघांचाही अर्थ पालटतो, याचा तिने चालविलेला विचार दिसतो. ऑक्टोबर १९६५ मध्ये ती निवर्तली; प्रदर्शन जानेवारी १९६६ मध्ये उघडले. एका स्त्री छायाचित्रकाराच्या समग्र कामाचे त्या संग्रहालयातील ते पहिलेच प्रदर्शन.

लँगच्या जीवनातील कठीण बाबी टेलर टाळत नाहीत. बालपणीच्या पोलिओने आलेले लंगडेपण, चित्रकार मेनार्ड डिक्सनशी झालेला व मोडलेला विवाह, अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर यांच्याशी १९३५ मध्ये झालेला दुसरा विवाह, हे सर्व आहे. सर्वांत बोचरी बाब मुलांची. कामासाठी दौऱ्यावर जाताना तिने आपली मुले वेळोवेळी इतरांच्या घरी ठेवली. विस्थापित मातांची आणि त्यांना बिलगलेल्या मुलांची छायाचित्रे काढणाऱ्या बाईची स्वतःची मुले परक्यांच्या घरी होती. हे वाक्य कोणत्याही चरित्रकाराला मोह पाडील असे आहे. पुरुष कलावंताच्या चरित्रात असे वाक्य कोणी लिहीत नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. चॅप्लिन किंवा डिलन यांच्या मुलांकडे घरी कोण पाहत होते, हा प्रश्न आधी चर्चिलेल्या दोन्ही माहितीपटांत येत नाही.

तिचे सर्वपरिचित छायाचित्र ‘मायग्रंट मदर’ मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे काढलेले. ते सरकारी कामासाठी काढलेले असल्याने सार्वजनिक मालकीचे झाले आणि अगणित वेळा छापले गेले. छायाचित्रातील स्त्रीचे नाव लँगने टिपले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव १९७८ मध्ये पुढे आले, आणि त्या छायाचित्रातून आपल्याला काहीच मिळाले नाही अशी तिची तक्रारही. परवानगीचा प्रश्न चरित्रकाराच्या आधी चरित्रनायिकेलाच लागू होतो, तो असा. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबण्यात आले, तेव्हा त्याची छायाचित्रे काढण्याचे काम सरकारने लँगकडे सोपविले. तिने जे टिपले ते न रुचल्यामुळे युद्ध संपेपर्यंत सरकारनेच ती छायाचित्रे दाबून ठेवली. ज्याने काम दिले त्यानेच काम अडविले. या घटनेची आठवण लेखाच्या अखेरीस पुन्हा करावी लागेल.

कुटुंबाची वा कार्यालयाची परवानगी नसली म्हणजे चित्रपट आपोआप स्वतंत्र होतो असे मात्र नाही. मालिकेचा २०० वा भाग म्हणून जानेवारी २०१४ मध्ये दाखविला गेलेला शेन सालेर्नो यांचा ‘सॅलिंजर’ हे याचे चांगले उदाहरण. जे. डी. सॅलिंजरने १९६५ नंतर काही प्रकाशित केले नाही, मुलाखती टाळल्या, आणि इयन हॅमिल्टन या चरित्रकाराने त्याच्या अप्रकाशित पत्रांचा उपयोग केला तेव्हा न्यायालयात जाऊन १९८७ मध्ये तो रोखला. २०१० मध्ये त्याचे निधन झाले. ज्याने आयुष्यभर नकार दिला त्याचा चित्रपट हा अपरिहार्यपणे पाठलागाचा चित्रपट होतो. सॅलिंजरच्या गद्याविषयी येथे फारच थोडे आहे. टंकलेखन यंत्रापुढे बसलेला एक नट आणि त्याच्यामागे पडद्यावर सरकणारी युद्धाची दृश्ये मात्र पुन्हा पुन्हा येतात. चित्रपटाच्या अखेरीस मोठा गौप्यस्फोट केला जातो : लेखकाची अप्रकाशित पुस्तके २०१५ ते २०२० या काळात बाहेर येतील. ती मुदत उलटून गेली, एकही पुस्तक आले नाही. हाती ना माग, ना विश्वसनीय साक्ष. उरली ती उत्सुकता. मालिकेने द्विशतकाचा मान या भागाला द्यावा ही तिच्या अभिरुचीविषयी बरेच काही सांगणारी गोष्ट आहे.

त्या मानाने ‘ईम्स : द आर्किटेक्ट अँड द पेंटर’ (२०११) हा जेसन कोन व बिल जर्सी यांचा भाग साधा, पण अधिक शहाणा आहे. चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या खुर्च्या घडविल्या कोणी, हा त्याचा प्रश्न. १९५६ मधील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे दृश्य त्यात आहे : सूत्रसंचालिका आधी चार्ल्सला बोलाविते, मग रेला, आणि नवऱ्याला ती कशी मदत करते असे कौतुकाने विचारते. रे अवघडून उभी असते. त्या काही क्षणांत दोघांच्या कामाच्या श्रेयाचा इतिहास जितका दिसतो तितका कोणत्याही अभ्यासकाच्या मुलाखतीतून दिसत नाही. शिवाय या दोघांच्या कार्यालयात राबणाऱ्या तरुण रचनाकारांच्या तक्रारीही येथे ऐकू येतात; ‘मास्टर’ या एकवचनी उपाधीलाच त्यामुळे तडा जातो.

बाजूला पाहत बोलणाऱ्या साक्षीदारांचा उल्लेख आरंभी आला आहे. टिमोथी ग्रीनफिल्ड-सँडर्स यांनी टोनी मॉरिसनवरील चित्रपटात (मालिकेतील प्रसारण २०२०) हा संकेत अर्थपूर्णपणे मोडला. इतर सर्वजण कॅमेऱ्याच्या बाजूला पाहून बोलतात; मॉरिसन एकटी थेट कॅमेऱ्यात, म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यांत, पाहून बोलते. चित्रपट तिच्या मित्राने केला आहे आणि त्यात टीकेला जागा नाही. परंतु बोलण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे त्यातील चौकट लपवीत नाही.

नव्वद सेकंद

येथवर ज्यांच्या परवानगीचा विचार केला ते कलावंत, त्यांची कार्यालये आणि कुटुंबे होती. खुद्द प्रसारकाची परवानगी हा विषय मालिकेच्या बाबतीत उद्भवत नाही असे दीर्घकाळ मानले जात होते. १९६७ च्या सार्वजनिक प्रसारण कायद्याने उभी राहिलेली ही व्यवस्था, जाहिरातदाराच्या दडपणापासून मुक्त असल्यामुळे, कलावंताविषयी मोकळेपणाने बोलू शकते, असा तिचा दावा होता. बव्हंशी तो खराही होता.

१५ एप्रिल २०२५ रोजी आर्ट स्पीगेलमन या चित्रकथाकारावरील ‘डिझास्टर इज माय म्यूज’ हा भाग मालिकेत प्रसारित झाला. मॉली बर्नस्टाइन व फिलिप डोलिन हे त्याचे दिग्दर्शक. आईवडिलांनी भोगलेल्या नाझी छळछावणीची कथा उंदीर आणि मांजरांच्या रूपात सांगणाऱ्या ‘माउस’ या चित्रकथेसाठी स्पीगेलमनला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला होता. तेच पुस्तक जानेवारी २०२२ मध्ये टेनेसी राज्यातील एका शालेय मंडळाने आठवीच्या अभ्यासक्रमातून काढले. सत्तेपुढे चित्र कसे उभे राहते, हा या माहितीपटाचा विषयच होता.

चित्रपटगृहांत व महोत्सवात दाखविलेल्या प्रतीत सुमारे ९० सेकंदांचा एक भाग होता. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर स्पीगेलमनने काढलेले आणि २०१७ मध्ये ‘रेझिस्ट!’ या पत्रात छापलेले एक ओंगळ, बोचरे व्यंगचित्र त्यात येत होते. प्रसारणापूर्वी काही दिवस निर्मात्यांना तो भाग काढण्यास सांगण्यात आले, आणि दूरचित्रवाणीवर चित्रपट त्याविना दाखविला गेला. कारण अभिरुचीचे देण्यात आले. त्याआधी २६ मार्च रोजी पीबीएसच्या प्रमुखांना संसदेच्या एका उपसमितीपुढे उलटतपासणीस तोंड द्यावे लागले होते. निर्मात्यांनी या दोहोंचा संबंध जोडला. तो जोडण्यास वाव आहे हे नाकारता येत नाही; त्याचबरोबर, देशभरातील शेकडो स्थानिक केंद्रांचा विचार करणाऱ्या संस्थेपुढे अभिरुचीचा प्रश्न अगदीच बनावट असतो असेही नाही.

परंतु वगळले काय गेले, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. कलावंताच्या खासगी जीवनातील प्रसंग वगळला नाही, कोणाची साक्ष वगळली नाही, एखाद्या समीक्षकाचे कठोर मत वगळले नाही. चित्रकथाकारावरील चित्रपटातून त्याचे चित्र वगळले गेले. ज्या मालिकेत साक्षीने कलाकृतीची जागा हळूहळू व्यापत आणली होती, तिच्यात कलाकृती काढून साक्ष तशीच ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड गेले नाही. संकलनात शिवण फारशी दिसत नाही. ‘अननोन चॅप्लिन’मधून चॅप्लिनची रिळे काढली असती तर चित्रपटच उरला नसता.

लँगची १९४२ ची छायाचित्रे ज्यांनी दाबली त्यांनीच ती काढवून घेतली होती, आणि ती अभिलेखागारात सुरक्षित राहिल्यामुळे पुढे याच मालिकेला दाखविता आली. स्पीगेलमनचे व्यंगचित्र नष्ट झालेले नाही, चित्रपटाची मूळ प्रतही आहे. मालिकेचे मात्र तसे सांगता येत नाही. तो भाग वगळूनही व्यवस्था वाचली नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि १ ऑगस्ट रोजी, हा निधी केंद्रांपर्यंत पोहोचविणाऱ्या महामंडळाने आपले काम आटोपते घेत असल्याचे जाहीर केले.